ब्लीच, व्हिनेगर आणि ऑइल पेंट: बाथरूमच्या छतावरची बुरशी अशी जात नाही

पावसाळा लागला की एक संदेश फिरू लागतो: ब्लीच आणि व्हिनेगर सारख्याच प्रमाणात मिसळून बाथरूमच्या छतावर फवारा, दहा मिनिटांत काळी बुरशी मुळासकट मरेल, वरून ऑइल पेंटचा हात द्या, कोपऱ्यात वाटीभर मीठ ठेवा, बुरशी पुन्हा येणार नाही. यातला एकही सल्ला पाळू नका. पहिला तर जिवावर बेतू शकतो.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरमधलं आम्लही त्याला पुरतं. मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमधलं बाथरूम एवढंसं, खिडकी वीतभर. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, दमेकऱ्याला थेट दवाखाना गाठावा लागतो. संडास साफ करायच्या अनेक लिक्विडांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, तेही ब्लीचजवळ नको. घरकामाला येणाऱ्या ताईंना हे आवर्जून सांगा, कारण या बाटल्या बहुतेक घरांत त्याच हाताळतात.

‘मुळासकट’ हाही भ्रम. छताचा गिलावा आणि पुट्टी सच्छिद्र असतात. ब्लीच वरचा काळा रंग उडवतं, म्हणून छत स्वच्छ दिसतं. आत मुरतं ते मुख्यतः त्यातलं पाणी. शिवाय मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते, त्यामुळे ती पुसून काढावीच लागते. त्यासाठी साबणाचं पाणी आणि स्पंज पुरे. दार लावून, एन-९५ मास्क, चष्मा आणि हातमोजे घालून आधी डाग ओला करा. कोरडा खरवडला तर बीजाणू घरभर उडतात. मग पुसा आणि जागा कोरडी करा. पुट्टी भुसभुशीत झाली असेल तर तेवढी ओली करून काढूनच टाकावी लागेल.

बुरशीवर ऑइल पेंट मारला तर काही महिन्यांत पोपडे सुटतात. ओल आत कोंडते, बाहेर पडायला वाट राहत नाही. जुन्या घरांत चुना मारत, त्यात शहाणपण होतं: चुना तीव्र अल्कधर्मी असतो, बुरशीला मानवत नाही आणि भिंतीतली ओल कोंडून ठेवत नाही.

मिठाची वाटी सोडून द्या. गरम पाण्याच्या एका अंघोळीच्या वाफेपुढे तिचं काही चालत नाही.

खरा प्रश्न पाणी कुठून येतं हा आहे, आणि संदेशात त्याबद्दल अवाक्षर नाही. दोन शक्यता असतात. अंघोळीची वाफ वर जाऊन गार स्लॅबवर दव धरते, किंवा वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून पाणी झिरपतं. ओळखायचं कसं? छत पुसून सुकवा, प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस थांबा. खालच्या बाजूला थेंब दिसले तर वाफ, प्लॅस्टिकच्या आत छताकडच्या बाजूला दिसले तर स्लॅबमधून येणारी ओल. तपकिरी कडेचा गोल डागही बहुधा गळतीच सांगतो.

वाफ असेल तर अंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन अर्धा तास चालू ठेवा. दाराखाली फट हवी, नाहीतर बाहेरून हवा आत येत नाही आणि फॅन नुसता फिरतो. कोकणपट्टीत जुलैमध्ये बाहेरची हवाच दमट असते, म्हणून फॅनवर विसंबू नका. भिंती आणि फरशी वायपरने ओढा, ओले टॉवेल तिथे वाळत घालू नका.

गळती असेल तर खालून कितीही रंगवलं तरी व्यर्थ. वरच्या घरातला नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा, सांडपाणी वाहून नेणारा भाग), पाइपचे सांधे, फरशीखालचं वॉटरप्रूफिंग तपासावं लागतं आणि दुरुस्ती वरूनच होते. त्यामुळे शेजाऱ्यांशी बोलणं टळत नाही. दुरुस्तीनंतर स्लॅब पूर्ण वाळू द्या. रंगाचं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काढा: आधी प्रायमर, मग बुरशीरोधक रंग.