पात्रता फेरीच्या बाकावरून

जानेवारीत टेनिसची ऑस्ट्रेलियन ओपन सुरू झाली की आमच्या घरच्या ग्रुपवर मामांचा ठरलेला प्रश्न येतो: "एवढा मोठा देश, आणि एकेरीत एक ग्रँडस्लॅम विजेता मिळू नये?" मग त्याखाली आधी क्रिकेटचा उद्धार, नंतर संघटनेचा. आणि कुणीतरी हमखास लिहितं की दुहेरीची विजेतेपदं धरायची नसतात.

मी मेलबर्नमध्ये राहतो, त्यामुळे इथली रडही कानावर पडते. स्वतःच्याच या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा पुरुष एकेरीतला शेवटचा विजेता मार्क एडमंडसन, तोही १९७६चा. महिलांची ४४ वर्षांची प्रतीक्षा २०२२मध्ये अ‍ॅश बार्टीने संपवली, पुरुषांची चालूच आहे. फ्रान्समध्ये १९८३च्या यानिक नोआनंतर कुणी नाही, अमेरिकेत २००३च्या अँडी रॉडिकनंतर. विम्बल्डनला ब्रिटनच्या फ्रेड पेरीनंतर अँडी मरे उजाडायला ७७ वर्षं गेली. ज्यांच्या अंगणात या चार ग्रँडस्लॅम स्पर्धा भरतात त्यांची ही गत, तर आपण कशाला एवढं मनाला लावून घ्यायचं?

पण हे लिहून मामांना गप्प केलं तर ती लबाडी होईल. या देशांकडे विजेता नसला तरी खेळाडूंची रांग असते. स्पर्धेचा पैसा त्यांच्या संघटनांकडे येतो, वाइल्ड कार्डं, म्हणजे आयोजकांनी दिलेले थेट प्रवेश, घरच्यांना मिळतात, शिवाय ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि अमेरिका ती आपसांतही वाटून घेतात. आपल्याकडे ही रांगच नाही.

ती बघायची तर पात्रता फेरीच्या आठवड्यात जावं. पुरुष एकेरीत १२८ जण, तीन सामने जिंकायचे, मुख्य फेरीत जागा १६. बाहेरच्या छोट्या कोर्टांवर बाकावर बसलं की खेळाडू हाताच्या अंतरावर असतो. बुटांचा करकर आवाज, दोन गुणांमधलं पुटपुटणं, सगळं ऐकू येतं. तिसऱ्या सामन्यात हरलेला माणूसही लगेच विमानतळ गाठत नाही. मुख्य फेरीतून कुणी माघार घेतली तर 'लकी लूझर' म्हणून आपली वर्णी लागेल, या आशेवर तो थांबतो.

२०२४मध्ये आपला सुमित नागल याच वाटेने आला. काही महिन्यांपूर्वीच त्याने खात्यात ९०० युरो उरल्याचं उघड सांगितलं होतं. तीन सामने जिंकून तो मुख्य फेरीत शिरला आणि ३१व्या मानांकित बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवलं. दुसऱ्या फेरीत हरूनही १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. त्याच्यासारख्याचं वर्ष अशा एका आठवड्यावर तरतं. मामा, पात्रता फेरीत आपले किती, हे आधी विचारा. विजेत्याचं नंतर बघू.

आणि ते दुहेरीचं. त्याच स्पर्धेत महिलांची अंतिम लढत आटोपल्यावर रॉड लेव्हर अरीनातली गर्दी उठून निघाली. त्यानंतर आपला ४३ वर्षांचा रोहन बोपण्णा ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनबरोबर पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्याला उतरला. पहिल्या सेटमध्ये ६-६ बरोबरीनंतरच्या टायब्रेकमध्ये त्यांनी समोरच्या इटालियन जोडीला एकही गुण दिला नाही, दुसरा ७-५ असा घेतला. ग्रुपवर त्या रात्री मामांचा मेसेज आला, "दुहेरीच ना?" मी उत्तर दिलं नाही. ओरडून ओरडून माझा घसा बसला होता आणि समोर बोपण्णा करंडक उचलत होता.