पक्याची थोबाडीत आणि रिकॉनचा कुकर

२०२५ च्या जुलैत आमच्या शाळेच्या ग्रुपवर पक्याने मीरा रोडचा तो व्हिडिओ टाकला, मराठी बोलत नाही म्हणून दुकानदाराला थोबाडीत मारल्याचा, आणि खाली लिहिलं, "अशीच पाहिजे. काहून बे, अहिंसा अहिंसा करत बसलेल्या तिबेट्यांचं काय झालं, पाहूनच राहिलो ना." त्यावर धडाधड अंगठे. मी काही लिहिलं नाही. पण ते वाक्य डोक्यात कुसळासारखं रुतून बसलंय, कारण दर बुधवारी दुपारी मी तिबेटी पोरांनाच शिकवते, आणि शिकवते काय, तर हात न उचलता भांडण कसं करायचं. मिटवायचं नाही, करायचं. हा फरक पक्याला कळणार नाही.

पोटापाण्यासाठी मी स्वित्झर्लंडमध्ये, विंटरथूर शहरातल्या एका शाळेत सोशल वर्कर आहे. बुधवारी पोरं दुपारनंतर मोकळी असतात, तेव्हा एका भाड्याच्या खोलीत त्यांचा तिबेटी भाषेचा वर्ग भरतो आणि त्यातला शेवटचा तास माझा. तेरा ते सतरा वयाची बारा-चौदा टाळकी. मला "गेन-ला" म्हणतात, म्हणजे बाई, आणि आपसात अस्सल श्वायझरड्युच, म्हणजे इथली स्विस जर्मन बोली, झोडतात. यांचे आजी-आजोबा साठच्या दशकात आलेले. १९६३ मध्ये इथल्या सरकारने हजार तिबेट्यांना घ्यायचं ठरवलं, त्यातले काही १९६४ मध्ये शेजारच्या रिकॉनला भांड्यांच्या कारखान्यात लागले आणि १९६८ मध्ये वर जंगलाच्या उतारावर त्यांच्यासाठी मठही उभा राहिला. एका पोरीची मोमो-ला, म्हणजे आजी, तिथे प्रेशर कुकर बनवायची. त्या कुकरला शिट्टी नसते, मधली दांडी वर येते आणि तिच्यावरच्या दोन लाल रेघांवरून दाब ओळखायचा. या कुकरबद्दल मला पुढे बोलायचंय.

तासाला मी फळ्यावर पायऱ्या काढते. ग्लाझल नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने भांडणाच्या नऊ पायऱ्या सांगितल्यात, खाली खाली जाणाऱ्या. पहिलीवर नुसता ताठरपणा, मग वाद, मग बोलणं बंद आणि थेट कृती, मग गट, पाचवीवर समोरच्याची चारचौघांत अब्रू काढणं, मग धमक्या, आणि नववीवर दोघंही हातात हात घालून दरीत. एकदा मी नाव-गाव न सांगता पक्याच्या व्हिडिओची गोष्ट सांगितली आणि विचारलं, ही कितवी? पोरं म्हणाली पाचवी, मारलं म्हणून नाही, त्याचा व्हिडिओ काढला म्हणून. एवढ्या अंगठेवाल्यांत हे कुणाला सुचलं नव्हतं, असं मनात आलंच माझ्या. (हो, थोडा माज आहे तो.)

आणि ही पोरं काय मठात बसून डोळे मिटणारी लेकरं नव्हेत. तिबेटी म्हणजे जन्मजात गरीब गाय, हा आपला नागपुरात स्वेटरच्या दुकानांवरून झालेला समज आहे. नेपाळमधल्या मुस्तांगमध्ये खंपा, म्हणजे पूर्व तिबेटमधले लढवय्ये, १९७४ पर्यंत बंदुका घेऊन बसले होते. दलाई लामांचा टेप केलेला निरोप आला तेव्हा त्यांनी त्या खाली ठेवल्या आणि काहींनी त्यापेक्षा जीव दिला. म्हणजे अहिंसा ही त्यांना वारशात मिळालेली नाही, ती त्यांनी ठरवून, रडत-भेकत, घरात भांडून घेतलीय. अजूनही भांडतात. एका बाकावर रांगझेनवाला, त्याला पूर्ण स्वातंत्र्य पाहिजे, शेजारी उमेलामवाली, तिला दलाई लामांचा मध्यममार्ग पाहिजे, चीनमध्ये राहून खरी स्वायत्तता. मठातल्या भिक्खूंसारखी टाळी वाजवून, पाय आपटून वाद घालतात, हसतात, आणि नंतर एकाच पिशवीतून चिप्स खातात.

आणि भाषेचं म्हणशील पक्या, तर त्यांच्यात "ल्हाकार" आहे. पांढरा बुधवार. २००८ च्या दडपशाहीनंतर तिबेटमध्ये सुरू झालं ते, की बुधवारी तिबेटीच बोलायचं, तिबेटीच खायचं, चुपा हा तिबेटी पोशाख घालायचा. आपली भाषा वाचवायची म्हणून स्वतःच्या तोंडाला नियम, दुसऱ्याच्या गालाला नाही.

हे सगळं मी शेवटी टाइप करून ग्रुपवर टाकलं. पक्याचं उत्तर दोन मिनिटांत. "तू तिथे गुपचूप जर्मन शिकलीस ना? नाही शिकली असतीस तर पासपोर्ट दिला असता का त्यांनी? मग आम्ही मागितली तर आम्ही गुंड?"

आता यावर काय बोलू. मागतातच. नागरिकत्वाला बोलण्यातलं जर्मन बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं, लागतं, मी दोनदा परीक्षा दिली. कुणी थोबाडीत मारली नाही हे खरं, पण ट्रेनमध्ये एका म्हातारीने माझ्या तीन वर्षांच्या लेकीला "इथे जर्मन बोलतात हं" असं गोड हसून सांगितलं होतं. मी काय केलं? "पाचवी पायरी, बाई" म्हणाले? नाही. आवाज खाली केला. त्यानंतर ट्रेनमध्ये मी लेकीशी जर्मन बोलायला लागले, मग दुकानात, मग घरीसुद्धा.

वर्गातही असंच झालं. एक सोळा वर्षांचा पोरगा म्हणाला, गेन-ला, २००२ ते २०१० मध्ये आमच्या लोकांच्या बीजिंगशी चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या, मग समोरचा टेबलावरच येईना, तर तुमच्या पायऱ्यांचं काय करायचं? २००९ पासून तिबेटमध्ये दीडशेहून जास्त लोकांनी स्वतःला पेटवून घेतलंय. ते कितव्या पायरीवर बसतं, हे तो विचारणार म्हणून माझ्या पोटात गोळा आला होता. त्याने ते विचारलं नाही, विचारलं भलतंच. "तुमची मुलगी बोलते का तुमची भाषा?" मी म्हणाले, "समजते तिला." खोलीत सगळ्यांना कळलं त्याचा अर्थ काय, कारण यातली निम्मी पोरं हेच उत्तर ऐकत वाढलीयत.

तर कुकर. मी नागपूरहून शिट्टीचा आणला होता. इथे आल्यावर तिसऱ्या रविवारी दाराला चिठ्ठी, सुबक अक्षरात, की रविवार दुपारी हा आवाज टाळता येईल का, मनःपूर्वक शुभेच्छा. मी खाली जाऊन बोलले नाही, भांडले नाही, तुमच्या चर्चच्या घंटेचं काय असंही विचारलं नाही. सोमवारी जाऊन रिकॉनचा बिनशिट्टीचा कुकर घेतला, पगाराच्या मानाने महाग होता तेव्हा. आणि गेली चौदा वर्षं हा किस्सा मी लोकांना माझ्या समजूतदारपणाचा नमुना म्हणून सांगत आलेय.

गेल्या बुधवारी तळघरातून जुना कुकर काढला. रबर कडक झालं होतं, गरम पाण्यात ठेवलं तेव्हा कसंबसं बसलं. तूरडाळ लावली. लेक खोलीतून धावत आली, हे काय, स्फोट होणारे का, सगळं जर्मनमध्ये. मी म्हटलं, शिट्ट्या मोज, चार झाल्या की सांग.

ओट्याला टेकून उभी राहिली आणि मोजायला लागली, "आइन्स... त्स्वाय..."