पखवाज ऐकू न येण्याविषयी: आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या आमच्या दुकानातून नेलेला छोटा स्मार्ट स्पीकर खानापूरच्या घरी ‘पत्र्याच्या डब्यासारखा’ वाजतो, भजनातला पखवाज नुसता टकटक ऐकू येतो आणि दुकानात आपल्याला भलताच आवाज ऐकवला, असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे. यातला शेवटचा आरोप मला मान्य आहे, मात्र त्यात लबाडी नव्हती. आमच्याकडे तो स्पीकर फळीवर, अगदी कोपऱ्यात मांडलेला असतो. भिंतीलगत ठेवलेल्या स्पीकरचे खालचे सूर भिंतीच्या आधाराने ६ डेसिबलपर्यंत वाढू शकतात, कोपऱ्यात त्याहूनही अधिक. आपण तो कौलारू सोप्याच्या मधोमध टीपॉयवर ठेवला आहे, तिथे भिंतीचा आधार नाही आणि आवाज धरून ठेवायला वर स्लॅबही नाही. हे विकतानाच सांगायला हवे होते. ते राहिले, त्याबद्दल क्षमस्व.

कोपऱ्यात ठेवल्यावर फरक नक्की पडेल, पण पखवाजाचे खरे सांगतो. या स्पीकरचा पडदा जेमतेम ४० मिलिमीटर रुंद आहे. सूर एक सप्तक खाली उतरला की तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी चौपट हवा ढकलावी लागते, त्यामुळे कणीक लावलेल्या धुम्याचा, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या बाजूचा, घुमारा एवढ्याशा पडद्यातून निघणे शक्य नाही. आपल्याला ऐकू येते ती शाईच्या बाजूची थाप. अ‍ॅपमधला बास शेवटपर्यंत चढवला तर गाणाऱ्याचा आवाजही फरफरू लागतो, म्हणून तो एक-दोन घरेच वर न्यावा.

जोडीला तसाच दुसरा घ्या, असे आमच्या मुलाने फोनवर सुचवल्याचे आपण लिहिता. कृपया घेऊ नये. त्याने आवाज पसरेल, थोडा मोठाही होईल. खर्ज फारसा उतरणार नाही.

माडीवर जुना अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर धूळ खात पडले आहेत, हे आपणच लिहिले आहे, आणि आपल्या मॉडेलला मागे ३.५ मिलिमीटरचे आउटपुट आहे. ते आउटपुट अँप्लिफायरला जोडणारी वायर घेऊन आमचा मेकॅनिक येत्या शनिवारी आपल्याकडे येईल. त्याचे पैसे नकोत. तरीही पखवाज मनासारखा वाजला नाही, तर स्पीकर बिलासह त्याच्याकडेच द्यावा, पूर्ण रक्कम परत मिळेल.