लाल वर्तुळातील ओळ

आज सकाळी कोल्हापुरातील आमच्या पेठेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका कागदाचा फोटो आला. महापालिकेच्या उमेदवारी अर्जासोबत द्याव्या लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राचे ते एक पान होते. दोषसिद्धीच्या रकान्यातील ओळीभोवती कोणीतरी लाल वर्तुळ काढले होते आणि खाली लिहिले होते, ‘कळंब्यातून थेट सभागृहात? पेठेची अब्रू सांभाळा.’ दुपारपर्यंत तोच फोटो मला अकरा जणांनी पाठवला. त्यांपैकी चौघे माझ्या वर्गात शिकलेले आहेत, आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे तोही माझ्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या कडेला बसत असे. त्याच्या अर्जावर सूचक म्हणून माझी सही आहे. म्हणून ग्रुपवर दोन ओळी टाकण्याऐवजी मी येथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना राग येईल त्यांनी घरी येऊन बोलावे, दार उघडे आहे.

त्याचे नाव मी लिहीत नाही. पेठेत ते सर्वांना ठाऊक आहे. तो बावीस वर्षांचा असताना मिरवणुकीत पुढे कोणी राहायचे यावरून गल्लीत वाद झाला, ढकलाढकली झाली, आणि दुसरा मुलगा दगडी पायरीवर डोक्यावर पडला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्या मुलाचा जीव गेला. न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्याने अपील केले नाही. सूट वजा जाता साडेपाच वर्षे त्याने कळंब्याच्या कारागृहात काढली, आणि तो सुटून आता दहा वर्षे होत आली. लाल वर्तुळातील ती ओळ त्याने स्वतःच्या हाताने लिहिली आहे. ती शोधून काढल्याचा आव आणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे की त्याने काहीही लपवलेले नाही.

‘असल्या माणसाला उभे राहू देतातच कसे?’ असे एकीने विचारले आहे. कायदा याबाबत मुका नाही. आमदार-खासदार होऊ पाहणाऱ्याला दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली, तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम ८ नुसार शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे त्याला निवडणूक लढवता येत नाही. महापालिकेच्या कायद्यातही अपात्रतेचे नियम आहेत. छाननीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी त्याचा अर्ज वाचला आणि वैध ठरवला. जे कायद्याला मान्य झाले ते आपल्या पेठेला मान्य नाही. मग त्याची शिक्षा संपायची कधी, हे पेठेने एकदा ठरवून सांगावे.

तो आत असताना दर पंधरा दिवसांनी मी त्याच्या आईबरोबर मुलाखतीला जात असे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. कपिलतीर्थ मंडईत तिचा भाजीचा वाटा, म्हणजे भाजी विकायला बसायची जागा, होती. सकाळचे गिऱ्हाईक उरकून, उरलेली मेथी ओल्या गोणपाटाखाली झाकून ती माझ्या दाराशी येऊन उभी राहायची आणि आम्ही बसने कळंब्याला जायचो. पहिल्याच वेळी खिडकीवरच्या शिपायाने मला विचारले, ‘तुमचं नातं काय?’ मी गप्प राहिले, कारण त्या रकान्यात काय लिहावे हे मला खरोखरच सुचेना. आईच पुढे होऊन म्हणाली, ‘बाई हाईत त्याच्या.’ शिपायाने तसेच लिहून घेतले. जाळीपलीकडून तो आधी माझ्याकडे बघायचाच नाही. आईशी बोलायचा, तेही भाजीच्या भावाबद्दल. वीस मिनिटे आई-मुलगा वांग्याचा आणि कोथिंबिरीचा भाव बोलत राहायचे, कारण दुसरे काहीही बोलले असते तर दोघांचाही धीर सुटला असता.

ज्यांनी हा फोटो फिरवला त्यांतील किती जण त्या पाच वर्षांत एकदा तरी त्या माउलीच्या वाट्यावर भाजी घ्यायला थांबले? मला माहीत आहे, कारण मी शाळेतून येताना तिच्याशेजारी बसत असे. बायका दोन वाटे सोडून पलीकडे जायच्या. मुलाने गुन्हा केला आणि मेथी बाटली!

आणि आता मला खरोखर चीड येते आहे. याच ग्रुपवर गेल्या आठवड्यात ज्यांच्या वाढदिवसाचे फलक झळकले, ज्यांच्या गळ्यात क्रेनने हार घातले गेले, त्यांची प्रतिज्ञापत्रे उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली का? २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ खासदारांनी आपल्यावर फौजदारी खटले असल्याचे स्वतः जाहीर केले आहे. तुरुंगात असलेल्या माणसाला मत देता येत नाही, परंतु खटला चालू असताना त्याला तुरुंगातून निवडणूक लढवता येते, आणि त्याच निवडणुकीत असे दोघे निवडूनही आले. ज्यांचे खटले वर्षानुवर्षे तारखांवर तारखा घेत रेंगाळतात त्यांना आपण ‘भाऊ’, ‘दादा’, ‘साहेब’ म्हणतो, आणि ज्याने गुन्हा मान्य केला, शिक्षा ऐकली, ती भोगली आणि मान खाली घालून परत आला, त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढतो. खटला प्रलंबित असलेला प्रत्येक जण दोषी नसतो, हे मला मान्य आहे. पण मग ज्याचा हिशेब पुरा झाला आहे, त्याच्याकडे पुन्हा थकबाकी मागू नका.

अंबाबाईच्या देवळातील प्रसादाचे लाडू काही वर्षे कळंब्याच्या कारागृहातील बंदी वळत असत. साऱ्या कोल्हापूरला हे ठाऊक होते, वर्तमानपत्रांत छापूनही आले होते. आमचा हा मुलगाही त्या कामावर होता. एका शुक्रवारी त्याची आई आणि मी दर्शनाला गेलो होतो. तिने कनवटीची नोट काढून लाडवाचे पाकीट घेतले, गरुड मंडपात खांबाला टेकून बसली, पाकीट उघडले आणि त्यातील लाडू बराच वेळ नुसताच हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘बाई, ह्यातला एखादा माझ्या पोराच्या हातचा असंल की ओ.’ तिने तो खाल्ला नाही. पदराच्या टोकाला बांधून घरी नेला. आपण सर्वांनी मात्र ते लाडू खाल्ले, पाहुण्यांना दिले, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी बांधून पाठवले. त्या हातांनी वळलेला प्रसाद आपल्या देवघरात चालला. त्याच हातांनी उद्या आपल्या प्रभागातील गटारीच्या कामाच्या अर्जावर सही केली, तर पेठेची अब्रू जाते?

हे शाहू महाराजांचे गाव आहे, हे आपण दरवर्षी २६ जूनला म्हणतो. ज्या फासेपारध्यांना इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, त्यांना महाराजांनी सोनतळीला, आपल्या छावणीवर आणून पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यापासून लोक घरे राखत होते, त्यांच्याच हाती आपल्या मुक्कामाची राखण दिली. रोज जाऊन हजेरी देण्याची सक्ती ज्या जातींवर होती, ती त्यांनी १९१८ मध्ये उठवली. आज आपण त्याच गावात बसून एका माणसाची हजेरी व्हॉट्सॲपवर घेतो आहोत, आणि घेणाऱ्यांत जयंतीच्या मिरवणुकीचे आयोजकही आहेत. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण त्यातले काही जण मीच शिकवलेले आहेत.

काही जण तुरुंगवासाचाच दरारा करतात, त्या भीतीवर मते मागतात आणि वर्गणीही गोळा करतात, हे खरे आहे. तसा कोणी माझ्याकडे सही मागायला आला असता तर मी त्याला दारात उभे केले नसते. पण हा तसा नाही.

सुटल्यावर दोन वर्षे त्याला कोणी कामावर ठेवेना. जिथे जावे तिथे चारित्र्य पडताळणीचा दाखला मागत. शेवटी उद्यमनगरातील एका लहान कारखानदाराने कागद न मागता त्याला लेथवर उभे केले, आणि तो आजही तेथेच आहे. आमच्या गल्लीत पाण्याचा दाब कमी पडू लागला तेव्हा तो रात्री दोन वाजता चावीवाल्याबरोबर हिंडला, कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडतो हे वहीत लिहून काढले, आणि ती वही घेऊन पाणीपुरवठा विभागात सलग नऊ दिवस जाऊन बसला. मी ती वही पाहिली आहे. शाळेत अक्षर वाईट होते, आता बरे आहे. २०१५ ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२० ला संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे महापालिकेत प्रशासक होता. त्या काळात तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नव्हता. तेव्हा आमच्या गल्लीतील म्हातारी माणसे याच्याकडे जात होती. त्या वेळी कोणाला कळंबा आठवला नाही.

संध्याकाळी माझ्या एका जुन्या सहकारी बाईंचा फोन आला. मायेपोटीच केला होता, हे मी जाणते. त्या म्हणाल्या, ‘अगं, तुझं नाव कशाला गुंतवतेस? आणि त्या गेलेल्या मुलाच्या आईला काय वाटत असेल?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. दुसऱ्याचे माझ्याकडे नाही. त्या आई आमच्याच प्रभागात राहतात, मतदार यादीत त्यांचे नाव आहे, आणि चार उमेदवार निवडायच्या त्या यंत्रावर त्यांना याचेही नाव वाचावे लागणार आहे. ती वेदना मला मोजता येत नाही, आणि कायद्याने शिक्षा संपली म्हणून त्यांचे दुःखही संपावे, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. दुपारी लिहायला घेतले तेव्हा माझ्यात जेवढा आवेश होता, तेवढा आता उरलेला नाही. सही मात्र मी मागे घेणार नाही.

त्याची आई आता नाही. तो सुटल्यानंतर तीन वर्षांनी ती गेली. मंडईतील तिची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली आहे. आज संध्याकाळच्या प्रचारफेरीत मी पत्रके वाटत होते, तेव्हा एका आजींनी पत्रक हातात घेऊन फोटो डोळ्यांजवळ नेला आणि ‘भाजीवालीचा न्हवं?’ असे विचारले. मी हो म्हटले, तर त्यांनी पत्रकाची घडी करून ते कमरेला खोचले.

फेरी पुढे सरकली. हलगी जोरात होती, पोरे उत्साहात होती. त्या गेलेल्या मुलाच्या घराच्या अलीकडे तीन दारे राहिली असताना तो थांबला, मागे वळला आणि हलगीवाल्याला हाताने थांबवले. बरोबरच्या एका मुलाने विचारले, ‘तिथं पत्रक टाकायचं न्हवं का?’ त्याने मान हलवली. मग सगळे जण काही न बोलता त्या दारावरून पुढे गेलो. आत दिवा लागलेला होता. कोपरा वळल्यावरही हलगी सुरू करायला त्याने सांगितले नाही, आणि हलगीवाल्यानेही विचारले नाही.