मीटर १:१ दाखवतो, म्हणून अँटेना चांगला?

आषाढी जवळ आली की आमच्या सोलापूर-पंढरपूर भागातल्या वायरलेसवाल्यांत एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: “कुठल्याही सेटचा अँटेना तपासायला एक स्वस्त एसडब्ल्यूआर मीटर पुरे. १:१ आला की अँटेना उत्तम. २ च्या वर गेला की सेट जळणार. मल्टिमीटरवर शॉर्ट दिसला तर अँटेना बाद. नॅनो व्हीएनए म्हणजे खेळणं, त्यात पैसे घालू नका.” (नॅनो व्हीएनए म्हणजे अँटेना आणि केबल तपासणारं हातात मावणारं यंत्र.) हे वाचून लोक खरेदी करतात आणि ऐन गर्दीत सेट मुका होतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. एसडब्ल्यूआर म्हणजे सेटमधून गेलेल्या पॉवरपैकी किती परत आली याचा हिशोब; १:१ म्हणजे काहीच परत आली नाही. बाकीची का परत आली नाही, हे मीटर सांगत नाही. ती अँटेन्यातून हवेत गेली असेल, नाहीतर वाटेत केबलमध्येच उष्णता होऊन जिरली असेल. डमी लोड (अँटेन्याऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावून बघा. मीटर चक्क १:१ दाखवेल आणि तुमचा आवाज शेजारच्या गल्लीतही नीट जाणार नाही.

अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात मला बोलावलं होतं. व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला) बेस सेट, गच्चीपर्यंत साधारण ३० मीटर आरजी-५८ केबल. मागच्या गेटवरच्या वॉचमनला काहीच ऐकू येईना. तिथला माणूस म्हणाला, “मालक, मीटर तर दीड दाखवतोय, अँटेना ओके आहे.” मी पाण्याच्या टाकीवर चढलो. कनेक्टरवरची टेप उन्हानं तडकली होती. कनेक्टर सोडवला तर आतली जाळी हिरवी पडलेली, बोटाला ओल लागली. अँटेना तसाच सुटा ठेवला, केबलचं टोक मोकळं, आणि खाली येऊन कमी पॉवरवर क्षणभर पीटीटी (बोलायचं बटण) दाबली. मीटर: १.६. अँटेना नाहीच, तरी १.६!

यात चमत्कार काही नाही. आरजी-५८ मध्ये १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास १०० मीटरला साधारण २० डीबी (सिग्नल किती घटला ते मोजण्याचं एकक) तूट येते, म्हणजे ३० मीटरला ६ डीबी, पॉवर साधारण पाव उरते. जाताना ६ आणि मोकळ्या टोकावर आपटून येताना ६, अशी १२ डीबी झाली की मीटरला १.६७ च्या आसपासच दिसणार. केबल ओली असेल तर आकडा आणखी ‘चांगला’ येतो. सेट २५ वॅट देत असेल तर त्या केबलमधून वर ६ वॅट पोचले तरी पुष्कळ. म्हणून मीटर शक्यतो अँटेन्याच्या बुडाशी लावावा, नाहीतर केबल आधी वेगळी तपासावी.

‘२ च्या वर सेट जळणार’ ही भीती फुकाची आहे. २:१ ला ११ टक्के पॉवर परत येते, ३:१ ला २५ टक्के. बहुतेक आधुनिक सेट अशा वेळी स्वतःच पॉवर उतरवतात. ३ च्या वर मात्र कारण सापडेपर्यंत पीटीटी दाबत राहू नये.

मल्टिमीटरबद्दल एवढंच की फोल्डेड डायपोलसारखे बरेच अँटेने डीसीला शॉर्टच दिसतात. ती त्यांची रचना आहे. असे चांगले अँटेने भंगारात गेलेले मी पाहिलेत.

‘कुठलाही मीटर’ हेही चालत नाही. ३० मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यासाठीचा जुना एचएफ मीटर व्हीएचएफ सेटला लावला तर काटा हलतो, पण आकड्यावर विसंबता येत नाही. महागड्या वॅट मीटरलाही मर्यादा असतात. बर्ड ४३ या वॅट मीटरची अचूकता फुल स्केलच्या ५ टक्के आहे. त्यात ५० वॅटचं एलिमेंट (किती वॅटपर्यंत मोजायचं ते ठरवणारा, बदलता येणारा भाग) घातलं तर अडीच वॅटचा फरक धरूनच चालावं लागतं. मग परत येणारा अर्धा वॅट त्यावर वाचण्यात अर्थ नाही. परतीची पॉवर मोजायला लहान एलिमेंट घ्या.

आता ते ‘खेळणं’. सुरुवातीला गाजलेला नॅनो व्हीएनए ५० किलोहर्ट्झ ते ९०० मेगाहर्ट्झ चालतो. हौशी (हॅम) परवान्यावर आपल्याला ‘२ मीटर’ नावाच्या बँडमध्ये १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढंच वापरता येतं. अँटेना १५२ ला जुळला असेल तर एसडब्ल्यूआर मीटरनं ते शोधायला १५२ वर ट्रान्समिट करावं लागेल, आणि तसं करता येत नाही. व्हीएनए अगदी क्षीण सिग्नलवर सगळी पट्टी फिरून दरी, म्हणजे सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर, कुठे आहे ते दाखवतो. दरी वर सरकली असेल तर रॉड आखूड आहे, खाली असेल तर लांब. केबलचं दूरचं टोक मोकळं ठेवून रिटर्न लॉस (परत आलेला सिग्नल किती डीबी घटला) मोजा आणि निम्मा करा, की केबलची तूट हातात. फक्त ओपन, शॉर्ट, लोड (मोकळं टोक, जोडलेलं टोक, ५० ओम) हे कॅलिब्रेशन जिथे जोडणार त्याच टोकावर करा, आणि व्हीएनएमध्ये चुकूनही सेटची पॉवर सोडू नका.

त्याच्यानं काय होत नाही तेही सांगतो. पॉवर चढल्यावरच ठिणगी मारणारा कनेक्टर त्याला दिसत नाही, आणि शेजारी जोरदार ट्रान्समीटर चालू असेल तर रीडिंग नाचतं. म्हणून टॉवर, रिपीटर सांभाळणाऱ्याला आपल्या बँडचा वॅट मीटर हवाच. एक-दोन अँटेने असणाऱ्यानं आधी व्हीएनए आणि एक चांगला ५० ओमचा डमी लोड घ्यावा. वॉकीटॉकीच्या रबरी अँटेन्याला मात्र यातलं काहीच धड लागू पडत नाही, कारण सेट आणि धरणारा हात हा त्या अँटेन्याचाच भाग असतो. तिथे दुसरा चांगला अँटेना लावून, त्याच जागेवरून ऐकून तुलना करावी.

त्या कारखान्यात केबल आणि कनेक्टर बदलले, अँटेन्याला हात लावला नाही. खालचा मीटर आता १.८ दाखवतो, पूर्वीपेक्षा जास्त. मागच्या गेटवर आवाज स्वच्छ येतो.