रांग कुठं उभी करायची?

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पैलवाननं फेसाचा ग्लास खाली ठेवायच्या आधीच विषय काढला. तावडे हॉटेलपाशी हायवे सोडून शहरात वळायला सुट्टीच्या दिवशी लागणारी रांग! त्याचा उपाय ठरलेला : "उतरायचा रस्ता चार लेनचा करा, विषय कट."

"कट कसला? पुढं कावळा नाक्याकडं सिग्नल हाईतच की," इंजिनेर म्हणाला. (नोकरी पुण्यात, अक्कल पाजळायला कोल्हापूर.) "समज, दोन मिनिटांच्या फेऱ्यात तुला तीस सेकंद हिरवा. लेनमधनं दोन सेकंदाला एक गाडी सुटती. फेऱ्याला पंधरा, तासाला साडेचारशे. आल्या सहाशे, तर दीडशे उभ्याच. उभ्या गाडीला सात मीटर धर, किलोमीटर झाला!"

"चार लेनमध्ये लाव की. पाव किलोमीटरच भरंल."

बिनतोड! इंजिनेरनं मिशी पुसली. "पहिल्या तासाला पाव. दुसऱ्याला अर्धा. सिग्नलमधनं सुटणाऱ्या वाढल्या काय?"

ट्रान्सपोर्टवाले दादा इतका वेळ गप्प होते. "मला कागलला जायचंय. शहराशी माझा संबंध न्हाई. तरी तुमच्या रांगेत मी का कुजायचं?" खरं दुखणं हेच. रांग रॅम्पवर, म्हणजे त्या उतरायच्या रस्त्यावर, मावली तोवर शहराची. डाव्या लेनमध्ये आली की सगळ्या हायवेची. वर मागनं भरधाव येणाऱ्याला ती अचानक दिसते, तो धोका वेगळाच.

"मग शहरातनं चढणाऱ्यांना अडवा," पैलवान हट्टाला पेटला.

ते अमेरिकेत करतात. हायवेवर चढायच्या रॅम्पवर सिग्नल, एकेक गाडी सोडायची. मिनियापोलिस भागात लोक थांबून वैतागले, म्हणून 2000 साली सुमारे 430 सिग्नल सहा आठवडे बंद ठेवून बघितले. प्रवासाचा वेळ 22 टक्क्यांनी वाढला, अपघात 26 टक्क्यांनी. परत चालू केले, पण रॅम्पवर चार मिनिटांपेक्षा जास्त कुणाला थांबवायचं नाही, या अटीवर. कारण तिथंही रॅम्प भरला की रांग मागच्या गल्लीत घुसते.

"म्हंजे रांग मोडत न्हाई, जागा बदलती," दादा म्हणाले. "मग हायवेवर शेपूट दिसलं की शहराकडचा हिरवा वाढवा."

"आनि आडव्या रस्त्याला कोण थांबनार?"

"तू. दुकान तिथंच हाय न्हवं तुझं?"

पैलवाननं दुधाचे पैसे द्यायला साफ नकार दिला.