सशाला लंघन घालणाऱ्या मेसेजला उत्तर

रविवारी रात्री साडेनऊला डिचोलीहून वहिनींचा फोन. "भावोजी, काजूने सकाळपासून तोंडाला काही लावलं नाही. एक-दोन दिवस लंघन घडलं की पोट साफ होतं म्हणे, म्हणून आम्हीपण काही दिलं नाही." काजू म्हणजे पुतणीचा ससा. हे 'म्हणे' कोणाचं, असं विचारल्यावर आमच्याच फॅमिली ग्रुपवरचा मेसेज पुढे आला: 'ससा पाळणाऱ्यांनी हे जरूर वाचा'. सहा कलमं आणि खाली हात जोडलेले. मी तो दोन दिवसांपूर्वी न वाचताच वर सरकवला होता, हेही कबूल करतो.

लंघनापासूनच सुरुवात करतो, कारण जीव तिथे जातो. आपल्याकडे ताप आला की पेज, पोट बिघडलं की उपास. माणसाला ते चालून जातं. सशाचं आतडं मात्र सतत चालू राहण्यासाठीच घडलंय. मागून गवताचा चोथा येत राहिला तर ते हलतं. खाणं थांबलं की ते मंदावतं, आतला माल सुकून घट्ट होतो, जंतूंचा तोल बिघडून वायू धरतो. मग पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. वर अंगातली चरबी यकृतात जाऊन बसायला लागते, लठ्ठ सशात तर लवकरच. त्याला उलटीही करता येत नाही. ऑपरेशनच्या आधी माणसाला उपाशी ठेवतात, सशाला तसं ठेवत नाहीत, यावरून काय ते समजा. दहा-बारा तास खाणं नाही आणि लेंडी नाही, म्हणजे डॉक्टर गाठायचा. सकाळची वाट बघायची नाही.

वहिनींना म्हटलं, ट्रेचा फोटो पाठवा. एरवी वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या असतात. फोटोत मिरीएवढ्या पाच, त्यातल्या तीन केसात ओवल्यासारख्या एकमेकींना लटकलेल्या. काजू कोपऱ्यात पाठ फुगवून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि फोनवरसुद्धा ऐकू येईल असे दात करकरत होता. "झोप आलीय त्याला," पुतणी मागून म्हणाली. झोप कसली, कळा येत होत्या. ससा हा कोणाचं तरी भक्ष्य असलेला प्राणी. दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. ते दिसायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

पहिल्या डॉक्टरने फोनवर "आम्ही कुत्रे-मांजरंच बघतो" म्हणून ठेवून दिला. दुसऱ्याने बघितलं. सलाईन, दुखण्यावरचं इंजेक्शन. पोट ढोलासारखं ताणलेलं नाही याची खात्री झाल्यावरच सिरिंजने पातळ खाणं. ताणलेलं असेल तर घरी बळेच भरवू नका, आत अडथळा असू शकतो.

आता पाणी. मेसेज म्हणतो, पाणी पाजलं की ससा मरतो, पाल्यातलं पुरतं. अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य: भरपूर हिरवा पाला खाणारा ससा पाणी कमी पितो. पण वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 150 मिली पाणी लागतं. इथे मे महिना, दुपारी वीज गेलेली आणि पिंजरा पत्र्याखाली. सशाला घाम येत नाही, उष्णता तो मुख्यतः कानांवाटे टाकतो. अशा वेळी वाटी उचलून नेणारा काय साधतो?

गंमत पुढे आहे. चौथं कलम: 'लघवी लाल झाली तर उष्णता समजावी, कोकमाचं पाणी पाजावं.' म्हणजे पहिल्या कलमात पाण्याने मेलेला ससा चौथ्यात कोकम पितो! लाल लघवी दर वेळी रक्त नसते, हे खरं. पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळेही ती तशी होते. पण कुंथत असेल, थेंबथेंब होत असेल किंवा गर्भाशय न काढलेली वयस्क मादी असेल, तर तपासून घ्या. त्या वयात गर्भाशयाचा कर्करोग सशांत मुळीच दुर्मीळ नाही.

स्वतःची लेंडी खातो म्हणून चापट मारा, असंही एक कलम आहे. द्राक्षाच्या घोसासारखी ती मऊ लेंडी त्याचा आहारच आहे, त्यातून जीवनसत्त्वं मिळतात. आंघोळ तर नकोच. भीतीने आणि थंडीने ससे दगावतात. पावसाळ्यात मागची बाजू घाण राहिली तर माश्या अंडी घालून अळ्या पडतात, म्हणून रोज बघा आणि तेवढाच भाग पुसून कोरडा करा.

शेवटचं, पिसवांसाठी 'कुत्र्याचंच औषध चालतं'. नाही चालत. त्यातल्या बऱ्याच औषधांत फिप्रोनिल असतं आणि ते सशाला वापरू नये, असं मर्क व्हेटरिनरी मॅन्युअल सांगतं. जगभरचे पशुवैद्य हाताशी ठेवतात ते हे पुस्तक, फॅमिली ग्रुप नव्हे. तोंडावाटे अमोक्सिसिलिन हे अँटिबायोटिक देण्याचा धोकाही त्यात आहे, तेव्हा मुलाच्या तापाची उरलेली बाटली कपाटातच राहू द्या.

बुधवारी दुपारी वहिनींचा फोटो आला, नेमका त्याच ग्रुपवर, जेवणाच्या वेळेला. ट्रेमध्ये अकरा लेंड्या, वाटाण्याएवढ्या. मोठ्या काकांनी विचारलं, हे काय पाठवलंय?